मारोती मिस्त्रीनं धुतलेले फिल्टर

रायपूरला बदली झाली त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या शिपायानं मला सांगितलं होतं, "सर, उरला जाना है तो सफेद शर्ट मत पहनिए." उरला म्हणजे शहराबाहेरची लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची वसाहत. मी ऐकलं नाही. ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही. माझी बायको ज्योती याबद्दल तुम्हाला जास्त तपशिलात सांगू शकेल. दुपारपर्यंत शर्टाची कॉलर काळी झाली आणि दोन-तीन महिन्यांत माझ्या मोटरसायकलचा दमही गेला. पुलाच्या चढावर मला सायकलवाले मागे टाकायला लागले.

माझं काम तसं गमतीचं आहे. उरल्याच्या कारखान्यांत जाऊन मी कामगारांना सुरक्षेचे धडे देतो. टोपी घाला, पुस्तिका वाचल्याशिवाय मशीनला हात लावू नका, चूक झाली तर लपवू नका, लगेच कळवा. शंकर नगरातल्या घरून रोज उरल्याला जायचं, वाटेत बीरगांव लागतं. तिथेच एका सकाळी गाडीनं मान टाकली. मी तिला अस्सल सातारी भाषेत दोन शब्द ऐकवले, तेव्हा रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज आला.

"साहेब मराठी आहे का? आना मंग गाडी इकडं. शिव्या देऊन नाई सुरू होत ते."

हा मारोती मिस्त्री. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं सुकडा, चष्म्याच्या काड्यांना मागे दोरी बांधलेली. मला वाटलं, आता हा प्लग काढेल, कार्बोरेटर उघडेल आणि मोठं बिल करेल. त्यानं यातलं काही केलं नाही. बाजूचं कव्हर उघडून एअर फिल्टर काढला, जमिनीवर जुना पेपर पसरला आणि त्यावर तो हलक्या हातानं आपटला. मूठभर काळी भुकटी पडली. मग खिशातून, कुठल्यातरी फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक घेऊन त्यानं ते पेपरच्या खालून फिरवलं. निम्मी भुकटी चुंबकामागोमाग चालायला लागली.

"लोखंड आहे हे," तो म्हणाला. "रोज उरल्याले जाता तुमी. अन् घर इकडं नाई तुमचं, शहरात आहे. इकडं राहत असते तुमी तं भट्टीची राख बी दिसली असती."

माझ्या आठ महिन्यांच्या नोकरीचा हिशेब त्यानं एका पेपरवर मांडून दाखवला होता.

मारोतीचे वडील गोंदियाकडून रेल्वेत गँगमन म्हणून इकडे आले. मारोती गुढ़ियारीत वाढला, तिथल्याच एका उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि लग्नानंतर बीरगांवला येऊन त्यानं हे दुकान टाकलं. दुकानामागे दोन खोल्यांचं घर. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मारोती हे नाव आजीनं ठेवलेलं. "बदलाचं होतं, पन गाड्याईतून सवड नाई भेटली," असं तो सांगतो आणि स्वतःच हसतो.

मिस्त्री म्हणून तो सगळंच करी, पण जीव फिल्टरमध्ये. कोणतीही तक्रार घेऊन जा, आधी फिल्टर निघणार. आणि तोही मालकाच्या समोर. मालकानं आपली धूळ आपल्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, असा त्याचा नेम होता. एकदा एक इसम, "तू कर, मी चहा पिऊन येतो," म्हणाला तर मारोती तो परत येईपर्यंत हात बांधून बसला.

स्पंजाचा फिल्टर असेल तर आधी डिझेलमध्ये धुणार. राकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेल आलं. पेट्रोल मात्र जवळ फिरकू देत नसे, ते स्पंज खातं म्हणे. नंतर शॅम्पूच्या पाण्यात. पिळायचा नाही, दोन तळव्यांत दाबायचा. मग कडुनिंबाखाली दोरीवर चिमटे लावून सावलीत वाळत घालायचा. वाळला की इंजिन ऑइलमध्ये बुडवून पुन्हा दाबायचा, कारण तेलाशिवाय स्पंज धूळ धरत नाही. यात अख्खा दिवस जाई. दुकानासमोरच्या दोरीवर कायम दहा-बारा फिल्टर वाळत असत. बाळंतिणीच्या घरासमोर दुपटी वाळावीत तसे. सगळं झाल्यावर कव्हरच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगानं बारीक 'म' काढायचा, खाली तारीख. बाहेरून कोणाला दिसत नाही. पुढचा मिस्त्री उघडेल तेव्हाच दिसेल.

नवा फिल्टर घ्यायला लावणं हा त्याला गिऱ्हाइकावर अन्याय वाटे. "धुऊन होते तं काहून फेकाचं?" हा त्याचा सवाल होता आणि बीरगांवात त्याला उत्तर देणारा कोणी नव्हता.

माझ्या गाडीचा फिल्टर स्पंजाचा नव्हता. घड्या घड्यांचा कागद, पेटीच्या भात्यासारखा, आणि तपकिरी तेलानं चिकट झालेला. तो पाहून मारोती जीभ टाळूला लावून चुकचुकला. "इंजिन मागं तेल फेकून राहिलं. सारा कागद भरला." त्यानं तो डिझेलमध्ये बुडवला, शॅम्पूत बुडवला, आतून हवा मारली आणि तिन्हीसांजेला माझ्या हातात ठेवला तेव्हा कागद पांढराफेक होता. गाडी अशी पळाली की मी घरी जाऊन ज्योतीला पुलावर फिरवून आणलं. त्यानंतर तीन वर्षांत त्यानं तो चार वेळा धुतला. मी चारचौघांत त्याचं नाव सांगायला लागलो.

पुढे दुकानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मोटरसायकल दिसायला लागली. बरेच दिवस मला वाटलं, कोणा गिऱ्हाइकानं टाकलेली असेल. एकदा मारोती सामान आणायला गेला होता आणि त्याची बायको कमलाबाई चहा घेऊन आली, तेव्हा मी विचारलं.

"यशची आहे ते," ती म्हणाली. "आमचा पोट्टा, यशदीप."

मी जाई तेव्हा तो ड्यूटीवर असे, म्हणून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. यशदीप लहानपणापासून बापाच्या हाताखाली शिकला. आयटीआय झाली, उरल्यात नोकरी लागली, तेव्हा मारोतीनं त्याला नवी गाडी घेऊन दिली. घरातली पहिली नवी गाडी. दोन वर्षांत ती निळा धूर सोडायला लागली. इंजिन उघडलं तर पिस्टन, रिंगा, सगळं झिजून गेलेलं. मिस्त्रीच्याच पोराची गाडी धूर सोडते म्हणून पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, टवाळ पोरं हसली. मारोतीनं ठरवून टाकलं की पोरगा गाडी रेसवर मारतो. पोरगा नाही म्हणत राहिला. एका संध्याकाळी दुकानात सात-आठ माणसं बसलेली असताना मारोती त्याला म्हणाला, "ज्याले एक गाडी नाई सांभाळता येत, तो मायबापाले काय सांभाळन?" आणि किल्ली काढून घेतली.

"दुसऱ्या दिवशी दुर्गले गेला," कमलाबाई म्हणाली. "तिथं शोरूममधी मिस्त्री आहे आता. मले फोन करते. बुद्धपौर्णिमेले विहारात येते, मले भेटते. पन घरात पाय नाई ठेवला. दोन वर्स झाले साहेब, एक घास नाई खाल्ला त्यानं माह्या हातचा."

"आणि मिस्त्री?"

"ते म्हनते, पोट्ट्यानं पयले चूक कबूल कराव."

मी चहा संपवला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये एवढं शहाणपण मला होतं, तेव्हा तरी.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी गाडी तेल प्यायला लागली होती. मारोती म्हणायचा, "उमर झाली साहेब, थोडं खाईन ते." एका रविवारी ज्योतीनं विम्याचा कागद मागितला, म्हणून मी गाडीची प्लॅस्टिकची पिशवी रिकामी केली आणि तीतून गाडीची पुस्तिका पडली. विकत घेतल्यापासून उघडलीही नव्हती. चहा पिता पिता सहज चाळली. त्यात लिहिलं होतं की या गाडीचा फिल्टर तेल लावलेल्या कागदाचा आहे. धूळ त्या तेलालाच चिकटते. तो धुऊ नये, त्यावर हवा मारू नये. ठरलेल्या अंतरानंतर बदलावा, धुळीच्या भागात त्याआधी.

मी तीनदा वाचलं. म्हणजे ते तेल इंजिनानं फेकलेलं नव्हतं. कंपनीनंच लावलेलं होतं. मारोती ते घासून घासून काढत होता आणि उरल्याची लोखंडी भुकटी त्या कोरड्या, फुगलेल्या कागदातून थेट इंजिनात जात होती. गाडी पळायची ती त्यामुळेच. दार उघडं टाकल्यावर वारा आत येणारच.

मी भडकलो. "उद्या जाऊन त्याची चांगली हजेरी घेतो," असं ज्योतीला सांगितलं.

तिनं पुस्तिका हातात घेतली, कोरी करकरीत होती ती. "हे तू आज वाचतोयस?" तिनं विचारलं. "आणि कामगारांना काय सांगतोस रोज?"

मी तिला विम्याचा कागद दिला आणि तो विषय तिथेच सोडला.

सोमवारी मी गेलो तेव्हा मारोती दोरीवरचे फिल्टर काढत होता. रात्रभर मनात जुळवलेलं भाषण त्याच्यासमोर तोंडातून निघेना. मी नुसतं ते पान उघडून त्याच्या हातात दिलं. हिंदी मजकुरावर बोट ठेवून त्यानं सावकाश वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग काही न बोलता रस्त्यापलीकडच्या पार्टच्या दुकानात गेला आणि माझ्या गाडीचा नवा फिल्टर घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदाच आणला असावा. पाकीट फोडलं आणि कागदावर बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं.

"नवा आहे," तो म्हणाला. "अन् तेल आहे."

"हो."

"म्हंजे ते इंजिनाचं नव्हतं."

"नव्हतं."

तो स्टुलावर बसला. कमलाबाई दारात येऊन उभी राहिली होती. मारोतीनं कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे पाहिलं.

"यशची गाडी हेच मॉडेल आहे," तो म्हणाला. "लोकाईचा मी आठ-दहा महिन्यानं धुवो. घरची गाडी म्हून त्याचा दर रविवारी धुतला. दोन वर्स. एक रविवार नाई सोडला."

कमलाबाई आत गेली. मला त्या क्षणी स्वतःचा राग आला. मी ती पुस्तिका तीन वर्षं आधी उघडली असती तर हा पोरगा आज इथे बसून माझी गाडी खोलत असता.

थोड्या वेळानं मारोतीनं विचारलं, "असे तेलवाले कागद कोनकोनत्या गाडीत येते?" मी फोनवर शोधून सांगत गेलो आणि तो बोटांवर मोजत गेला. त्याला गाड्यांचे नंबर आठवत नव्हते, माणसं आठवत होती. एकवीस झाली.

इथे मी माझ्या धंद्याला साजेसा सल्ला द्यायला हवा होता. पण मी म्हणालो, "मिस्त्री, बोभाटा कशाला करता? ते लोक कधी ना कधी सर्व्हिसिंगला येतीलच. तेव्हा गुपचूप नवा टाकून द्या."

"तवपर्यंत इंजिन खाल्लं जाते ना साहेब. अन् न सांगता बदलला, तं तो उद्या दुसऱ्या मिस्त्रीकडं जाईन, तो बी धुईन. त्याले माहीत पायजे."

"तुमचं नाव जाईल."

"नाव तं कव्हरच्या आतून लिहूनच ठेवलं आहे मी. तारखेसकट."

त्यानं माझ्या गाडीपासून सुरुवात केली. मग रोज दुपारी पिशवीत नवे फिल्टर घेऊन तो घरोघर जायला लागला. मालकाला बाहेर बोलवायचा, कव्हर उघडायचा, पेपर पसरायचा, आणि सांगायचा की हे माझ्या हातून झालं. नळ बसवणारा भार्गव पाऱ्यातल्या लोकांसमोर त्याच्यावर ओरडला. "तीन साल से आप मेरी गाड़ी खराब कर रहे थे?" मारोती म्हणाला, "हव भैया." भार्गवनं गाडी परत त्याच्याकडे आणली नाही. कोणी हसण्यावारी नेलं, कोणी चहा पाजला, काहींनी पुढच्या आठवड्यापासून दुकान बदललं. रस्त्यापलीकडच्या नव्या मिस्त्रीनं तर पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'यहाँ फिल्टर धोया नहीं, बदला जाता है'. मला ते पाहून संताप आला. मारोतीनं चष्मा सारखा करून वाचलं आणि म्हणाला, "बरोबर लिहिलं आहे."

दोरी मोकळी दिसायला लागली. ज्यांचे स्पंजाचे होते, जे धुवायलाच हवेत, तेही लोक घाबरून येईनासे झाले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

हे सगळं तो न कुरकुरता सोसत होता. पण ज्या एका ठिकाणी सांगायचं, तिथे सांगत नव्हता. मी रोज विचारायचो, "यशदीपला फोन केला?" आणि तो रोज म्हणायचा, "पयले गाड्या होऊ द्या."

आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "मिस्त्री, गाड्यांना राग येत नाही. गाड्यांना घर सोडून जावं लागत नाही. तुम्ही परक्या माणसांच्या दारात उभे राहून शिव्या खाताय, कारण त्या सोप्या आहेत."

तो पान्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "लोकाईले काय सांगाचं ते मले माहीत आहे साहेब. त्याले काय सांगू ते समजून नाई राहिलं. मी त्याले एकट्यात नव्हतं बोललो."

शनिवारी दुपारी मला सुट्टी होती. मारोतीचे गुडघे धरले होते, म्हणून मी त्याला मागे बसवून गुढ़ियारीला घेऊन गेलो. तिथे मालधक्क्याजवळ गोदू राहतो. आधी हमाली करायचा, आता गाडीला दोन्हीकडून पेट्या बांधून धक्क्यावरच्या लोकांना डबे पोचवतो. मारोतीचं जुनं गिऱ्हाईक. गोदूनं बाज टाकली, त्याची बायको पाणी घेऊन आली, आणि मारोती नेहमीप्रमाणे गाडीशेजारी उकिडवा बसला.

पहिला स्क्रू फिरवला आणि तो थांबला. दुसरा फिरवला. या भागात धूळ आणि ओल मिळून स्क्रू असे धरतात की दोन हात लावावे लागतात. हे नुसत्या बोटांनी निघत होते. त्यानं स्क्रू उजेडात धरून पाहिला. आट्यांना ग्रीसचा पातळ हात होता.

"गोदू, ही गाडी कोनी खोलली?"

गोदूनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं गोदूकडे.

मारोतीनं कव्हर काढलं. आतल्या अंगाला त्याचा पांढरा 'म' होता, साडेतीन वर्षांपूर्वीची तारीख होती. पण फिल्टर वेगळा होता. तपकिरी, तेलकट, धूळ व्यवस्थित धरून बसलेला. कोणीतरी नवा टाकून वर्षभर झालं असावं.

"इस्क्रूले ग्रीस लावाची सवय आमच्या घरचीच आहे," मारोती माझ्याकडे न पाहता म्हणाला. "मी लावतो. अन् मी एकालेच शिकवलं."

"यश भैया आए थे," गोदू शेवटी बोलला. "पिछले साल. इतवार को दुर्ग से आए, खुद के पैसे का फिल्टर लाए, बदल के चले गए. बोले, बाबा को मत बताना. ये पारा में तीन गाड़ी किए हैं. भनपुरी तरफ भी गए थे."

मारोती जमिनीवरच बसला. मी त्याला हात द्यायला गेलो, तर त्यानं नको म्हणून मान हलवली. मग खिशातून फोन काढला. त्याच्या फोनचा कानाजवळचा आवाज कधीचाच गेलाय, ग्रीसच्या बोटांनी दुसरं काय होणार. त्यामुळे तो नेहमी स्पीकरवरच बोलतो. पलीकडे घंटी वाजली. गाड्या धुण्याच्या पाण्याचा आवाज आला आणि मग पोराचा.

"हव बाबा?"

दोन वर्षांनी बापाचा फोन आला होता.

"बाबा? तबीयत ठीक है ना? आई कुठं आहे?"

"आई बरी आहे. मी गोदूकडं आहे. गुढ़ियारीले." मारोती थांबला. "त्याची गाडी खोलली."

पाण्याचा आवाज लांब गेला. पोरगा बाहेर आला असावा.

"तुले कवापासून माहीत होतं?"

"यहाँ लगा तब से. पहले महीने की ट्रेनिंग में ही बताया इन लोगों ने."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"आईच्या तोंडून सांगून पाहिलं होतं ना. उसने आपको बोला, कागदवाला धुऊ नका. आप बोले, तुले काय समजते गाड्यातलं."

मारोतीनं डोळे मिटले. आठवलं असणार त्याला.

"तू सांगाचं होतं. तुह्या तोंडानं."

"मैं बोलता तो आप दुकान बंद कर देते बाबा," यशदीप म्हणाला. "मुझे मालूम है आपको. मग काय केलं असतं तुमी? जितने फिल्टर मेरे हाथ से धुले थे, मुझे याद थे, उतने बदल दिए. बाद में आपने किसके धोए, वो मुझे नहीं पता था."

गोदूची बायको तांब्या हातात धरून तशीच उभी होती. दोन वर्षं हा पोरगा नालायक ठरून राहिला होता. रविवारी रविवारी गाडीत बसून यायचा, बापाची चूक निस्तरायचा आणि बापाच्या दारावरून परत जायचा. घरापासून दहा मिनिटांवर येऊन उपाशी परत जात होता.

मारोतीनं फोन तोंडाजवळ धरला.

"यश, फोन स्पीकरवर आहे. गोदू आहे इथं, त्याची घरवाली आहे, साहेब आहे. शेजारचे बी दोघं आले आता. मी तुले बोललो तवा सात-आठ लोक होते. आज इतके भेटले." तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, पाऱ्यात दवंडी द्यावी तसं. "पोट्ट्यानं गाडी नाई जाळली. पोट्टा नाई नाई म्हनत होता, तो खरं बोलत होता. गाडी मी जाळली. माह्या हातानं, दर रविवारी. अन् वरून त्यालेच बोललो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि अगदी हळू, "स्पीकर बंद करो ना बाबा."

"होत नाई बंद. फोन खराब आहे."

पोरगा हसला, की रडला, मला नक्की सांगता येणार नाही. मग मिस्त्रीसारखा बोलायला लागला. "कितनी बची हैं?"

"सहा. भनपुरीच्या तुह्यावाल्या सोडून."

"उद्या संडे आहे. मी येतो सकाळी. आधी भनपुरी तरफ की चेक कर लेता हूँ, फिर बाकी की..."

"गाड्या राहू दे," मारोती म्हणाला. "दुकान उद्या मी बंदच ठेवतो. तू आधी घरी जेवाले ये."